एकाच शेताचे तीन कागद

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा मागं पडतात आणि दहा-बारा किलोमीटरवर उचगाव येतं. मळेकरणी देवीमुळं पंचक्रोशीला ठाऊक असलेलं गाव. मार्कंडेय नदीच्या आसपासची शेती. भात, बटाटा, रताळी. मुख्य रस्त्यानं तसंच पुढं गेलं तर बाची, आणि बाची संपली की शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मधे घाट नाही, खिंड नाही. बदलतात त्या फक्त पाट्या.

या पट्ट्यातल्या जुन्या शेतकरी घरांत कागदपत्रांची पत्र्याची ट्रंक असते. ती उपसली तर एकाच सर्व्हे नंबरचे तीन काळांतले कागद हाती लागू शकतात. तळाशी मोडीतलं खरेदीखत, घडीवर फाटलेलं. त्याच्यावर मुंबई राज्याच्या काळातला मराठी उतारा, बाळबोध अक्षरात. सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, संगणकावर छापलेला आणि कन्नडमधला. शेत तेच, बांधही तोच. पण घरातल्या सत्तरीच्या आजोबांना यातला मधला कागद तेवढा वाचता येतो. मोडी त्यांच्या वडिलांबरोबर गेली. कन्नड ते बोलतात; बाजारात भाव करतात, वेळ आली तर बसमध्ये कंडक्टरशी हुज्जतही घालतात. पण पहाणीवरचं स्वतःचं नाव मात्र नातवाकडून वाचून घ्यावं लागतं.

जनगणनेच्या दप्तरी हे आजोबा साक्षर आहेत. सात वर्षांवरचा जो माणूस कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकतो तो साक्षर, अशी आपली व्याख्या आहे. २०११ साली बेळगाव जिल्ह्याची साक्षरता ७३ टक्क्यांच्या घरात होती, आजोबा त्या ७३ मधलेच. व्याख्या उदार आहे आणि ती तशीच असावी. अडचण अशी, की माणूस कोणत्याही भाषेत साक्षर झाला तरी सरकारी कागद एकाच भाषेत निघतो. २००० सालाच्या सुमारास कर्नाटकानं ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर चढवल्या आणि हाती लिहिलेल्या उताऱ्यांचा जमाना संपवला. काम देशभर गाजलं, आणि गाजावं असंच होतं. उताऱ्यासाठी मारायच्या खेपा आणि द्यायची चिरीमिरी त्यानं पुष्कळ कमी केली. उचगावच्या आजोबांना मात्र तो कागद मिळायला सोपा झाला, वाचायला नाही.

साक्षरता म्हणजे एकदा लावला की सगळीकडं उजेड पाडणारा दिवा, असं आपण धरून चालतो. लिहिता-वाचता आलं की माणूस तर्कशुद्ध विचार करतो, त्याची बुद्धी तरतरीत होते, वगैरे. १९७० च्या दशकात सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जाऊन तपासलं. तिथल्या वाई लोकांची स्वतःची लिपी आहे, एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्याच एकानं रचलेली. ती शाळेत शिकवत नाहीत. काका पुतण्याला, मित्र मित्राला शिकवतो, आणि तिचा उपयोग पत्रं नि हिशेब लिहायला होतो. कुराण पठणासाठी अरबी, तर सरकारी शाळेत इंग्रजी. म्हणजे एकाच समाजात तीन लिप्या, तिन्ही शिकण्याची ठिकाणं वेगळी आणि कामंही वेगळी. दोघांनी शेकडो लोकांच्या चाचण्या घेतल्या. १९८१ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यातला निष्कर्ष अनेकांना पचला नाही. नुसत्या अक्षरओळखीनं बुद्धीत सरसकट फरक पडत नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली जाते, त्या कामाचं कौशल्य वाढतं. वाई लिपीत पत्रं लिहिणारे अनोळखी माणसाला एखादी गोष्ट नीट समजावून सांगण्यात सरस ठरले, अरबी पाठांतर केलेले क्रमानं लक्षात ठेवण्यात. कारणं देत मुद्दा मांडायची सवय दिसली ती शाळेत गेलेल्यांत, आणि ती अक्षरांपेक्षा शाळेची देणगी होती.

बेळगाव तालुक्याच्या गावांना हे समजावून सांगायची गरज नाही. इथं गावोगाव ज्ञानेश्वरी पारायणाचे सोहळे होतात. सातशे वर्षांपूर्वीची मराठी घडाघडा वाचणारा माणूस वर्तमानपत्राची बातमी अडखळत वाचतो, यात कुणाला नवल वाटत नाही. ओवीचा अर्थ त्याला शब्दाशब्दानं लागत असेलच असं नाही, पण यती कुठं घ्यायची, सूर कुठं खाली आणायचा हे पक्कं ठाऊक असतं. शेजारी बसलेल्या म्हातारीला अक्षर येत नाही, तरी वाचणारा चुकला की ती लगेच मान वर करते. हरिपाठ तिला अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत. साक्षरता मोहिमेच्या तक्त्यात ती निरक्षराच्या रकान्यात आणि तो साक्षराच्या. मला तो रकाना फार ढोबळ वाटतो.

आता अक्षरं बाजूला ठेवून नुसतं बोलणं ऐका. सीमाभागातलं बोलणं शतकानुशतकं एकमेकांत मिसळत आलंय. १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडवर एक निबंध प्रसिद्ध केला. भाषाशास्त्राच्या जगभरच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो. सांगलीकरांना त्याचा पत्ता असेल असं वाटत नाही. कुपवाडात कन्नड बोलणारे जैन आणि लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान, शिवाय मराठी आणि थोडे तेलुगू बोलणारे. घरात आपापली भाषा, बाहेर तीन-चार भाषांत सतत ये-जा. संशोधकांना आढळलं की शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झाला. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य घ्या. तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यातही तोच क्रम, तेच जोड. एका भाषेतला शब्द काढायचा, त्याच जागी दुसऱ्या भाषेतला ठेवायचा, की झालं भाषांतर. भाषा मात्र कुणी सोडली नाही. घरची भाषा ही आपण कोण याची खूण, म्हणून शब्द जपले. व्यवहार रोजचा, म्हणून व्याकरण जुळवून घेतलं.

उचगाव-कडोलीकडं ‘काय करूलालास?’ ऐकू येतं तेव्हा पुण्याचा पाहुणा हसतो. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे इथल्या बायकांचं ‘मी येतो’. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात बाई सर्रास ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणते. शेजारच्या कन्नडमध्येही ‘मी’चं क्रियापद बाईला आणि बाप्याला एकच असतं. आता पहिलीतली मुलगी वहीत लिहिते, ‘मी भात खातो.’ आई तसंच म्हणते, आजी तसंच म्हणते. शाळेतल्या बाई लाल पेनानं ‘तो’वर काट मारून ‘ते’ लिहितात. त्या बाईसुद्धा घरी गेल्यावर ‘मी येतो गं’ म्हणतच उंबरा ओलांडत असतील. त्या दिवशी मुलीला दोन गोष्टी कळतात. एक, पुस्तकातली मराठी वेगळी असते. दुसरी, आईचं चुकतं. पहिली शिकवायलाच हवी. प्रमाणभाषा ही परीक्षेची, नोकरीची, छापील मजकुराची भाषा आहे आणि ती नाकारून कुणाचं भलं होत नाही. दुसरी मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती लाल शाईबरोबर आपोआप येते. बोली चुकीची नाही, वहीत वेगळं लिहायचं असतं, एवढं एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो?

या मुलीसमोर पहिल्या दोन-तीन वर्षांत तीन लिप्या येतात. देवनागरी शाळेच्या माध्यमाची, रोमन इंग्रजीची, आणि कन्नड राज्यभाषेची. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत कन्नड हा भाषाविषय टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. हे ओझं आहे का? आहे, पण आपण समजतो त्या प्रकारचं नाही. देवनागरी आणि कन्नड दोन्ही ब्राह्मीच्या लेकी. क ख ग घ चा क्रम तोच, व्यंजनाला काना-मात्रा लावायची युक्ती तीच. एका लिपीत ही युक्ती डोक्यात बसली की दुसरीत ती नव्यानं शिकावी लागत नाही, फक्त आकार शिकावे लागतात. ठेचा लागतात त्या बारीक जागी. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. कन्नडमध्ये ही भानगड नाही. मराठीतला रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये तो अक्षर झाल्यावर उजवीकडं येतो. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन कन्नडमध्ये पहिल्याच्या खाली लटकतं. कन्नडला ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए निराळे लागतात, मराठीला एकच पुरतो.

वेळ मात्र लागतो. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मूल पहिल्या वर्षात ओळखायला लागतं. कन्नडची मात्रा नि जोडाक्षरांसकट अक्षरं हाती यायला तिसरी-चौथी उजाडते. मुलं मंद असतात म्हणून नव्हे, तर अक्षरांची संख्याच काही शेकड्यांत जाते म्हणून. मराठी बाराखडीलाही हेच लागू पडावं. ज्या मुलाला हे काम दोन लिप्यांत करायचंय, त्याच्या दुसरीतल्या चाचणीवरून ‘याला वाचता येत नाही’ असा शेरा मारणं म्हणजे भाताची लावणी झाल्याबरोबर कापणीला कोयता घेऊन येणं.

उलट काही ठिकाणी हे मूल एक पाऊल पुढं असतं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ आलं आणि महाराष्ट्रात गहजब झाला. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मराठीत आपण पाच आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो, यात लहान मुलं गोंधळतात; दक्षिणेच्या भाषांत तसं होत नाही. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड, तिशीला न पोचलेली संख्या तिशीचं नाव लावून येते. कन्नडमध्ये पंचवीस म्हणजे इप्पत्तैदु, वीस आधी मग पाच. एकोणतीस म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस नि नऊ. बेळगावच्या भाजी मार्केटात बापाबरोबर उभं राहून हे आकडे ऐकलेल्या मुलाला ‘वीस पाच’चं काय कौतुक? त्याच्याकडं मोजण्याच्या दोन रीती आधीपासून असतात. शाळेनं त्याला विचारायला हवं, की बाळ, तुझ्या कन्नडमध्ये हे कसं म्हणतात? असं सहसा कुणी विचारत नाही, कारण मराठीच्या तासाला कन्नडचं नाव काढणं आणि कन्नडच्या तासाला मराठीचं, दोन्ही इथं साधं राहिलेलं नाही.

ते साधं का राहिलं नाही, याचा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचायला लागतो. मराठी वाचकाला आपली बाजू पाठ असते. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तोंड फुटलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ साली या सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मधल्या काळात, शाळांत कन्नडला अग्रक्रम द्या म्हणणारा गोकाक समितीचा अहवाल आणि त्यापाठोपाठचं आंदोलन यांनंतर कन्नड सक्तीचा जोर वाढला, आणि जून १९८६ मध्ये तिच्याविरुद्धच्या लढ्यात मराठी आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. उचगावची मुलं शहराकडं जाता-येताना ते गाव ओलांडतात.

दुसरी बाजू आपल्याला कमी माहीत असते. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा धारवाडपर्यंतच्या कन्नड मुलखातही दप्तराची भाषा मराठी होती, आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या शाळाही मराठीच. घरी कन्नड बोलणारं पोर शाळेत मराठी अक्षरं गिरवत होतं. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कन्नड शाळांसाठी झटून हे चित्र पालटलं. १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला, तो याच दुखण्यातून. परक्या अक्षरात साक्षर व्हावं लागण्याचा जो अनुभव आजचे उचगावचे पालक सांगतात, तो तेव्हा कन्नड पालकांचा होता. यानं आजचा अन्याय न्याय्य ठरत नाही. पण कन्नडिगांच्या मनात मराठी पाटीबद्दलची अढी कुठून आली, हे यावरून समजतं.

कुपवाडात व्याकरणं मिसळली, पण अक्षरं कुठंच मिसळली नाहीत. बोलणं शेजाऱ्याशी होतं, तिथं तडजोड दोघांच्या फायद्याची. लिहिणं शाळेतून, कचेरीतून, परीक्षेतून आलं, आणि तिथं एकाच भाषेला खुर्ची मिळते. म्हणून सीमाभागातली भांडणं बोलण्यावरून कमी आणि फलकांवरून, परिपत्रकांवरून, उताऱ्यावरून जास्त होतात. घटनेच्या ३५०-अ कलमानं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्यांना सांगितलंय. १५ टक्क्यांहून अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचं धोरण आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचं प्रमाण २०११ मध्ये पाचात एकापेक्षा थोडंच कमी होतं, आणि बेळगाव तालुक्यात ते याहून कितीतरी जास्त. मराठीतून परिपत्रकं द्या, ही मागणी मात्र अजून निवेदनांतच फिरते.

माणसाची ओळख घरच्या भाषेवर ठरते की ज्या लिपीत तो लिहायला लागतो तिच्यावर? धारवाडात याची दोन उत्तरं एकाच काळात नांदत होती. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ चं ज्ञानपीठ ‘नाकुतंती’ला मिळालं. जी. ए. कुलकर्णी बेळगाव भागातले, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आजूबाजूला कन्नड, आणि कथा लिहिल्या मराठीत. योगायोग असा, की ‘काजळमाया’लाही साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ चाच, तो त्यांनी नंतर परत केला. बेळगावातच अध्यापिकांना घडवणाऱ्या इंदिरा संत, आणि त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत. या चिरंजीवांनी ‘वनवास’मधल्या लंपनच्या तोंडी जी कन्नडच्या शेजारानं वळण घेतलेली मराठी घातली, ती छापून आली तेव्हा कुणी तिच्यावर लाल काट मारली नाही. शाळेच्या वहीतलं ‘चूक’ पुस्तकात आलं की ‘शैली’ होतं.

उचगावचं स्वतःचं उत्तर दर हिवाळ्यात दिसतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. शहरी संमेलनासारखा थाट नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते, टाळकरी पुढं, शाळेच्या मुली लेझीम खेळतात, पालखीत ज्ञानेश्वरी नि गाथा.   मंडपात बसलेल्यांतले कित्येक जण एरवी पुस्तक हातात धरणारे नसतील. ते येतात ते अक्षरांच्या बाजूनं उभं राहायला. वाई लोक लिप्या कशाकशाला वापरतात याची यादी करताना संशोधकांनी पत्र, हिशेब, पठण अशी कामं नोंदली होती. उचगावच्या यादीत हे चौथं काम घालावं लागेल, लिपी मिरवणुकीत नेण्याचं.

आणि त्याच मंडपातले पालक जूनमध्ये पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला, की सरकार प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, निवड पालकांची. खटला कर्नाटकाचाच होता. मराठी पालकांना कन्नड सक्तीपासून संरक्षण हवं होतं. या निकालानं वाट मोकळी झाली ती मुख्यतः इंग्रजीकडं जाणारी, आणि मराठी शाळांबरोबर कन्नड शाळांचेही वर्ग विरळ होत चालले. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. नोकरी कुठल्या अक्षरात मिळते हे आजोबांच्या ट्रंकेनं त्यांना पुरतं शिकवलंय.

ही मुलं फोनवर एकमेकांशी लिहितात ते रोमन लिपीत. मराठी पोरगा ‘काय करूलालास’ लिहितो, कन्नड मित्र कन्नडमध्ये उत्तर देतो, दोन्ही एबीसीडीत, आणि पुढच्या ओळीत कोण कुठल्या भाषेत लिहितंय हे कळेनासं होतं. या लेखनाला शुद्धलेखन नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाहीत, ‘च’चे दोन उच्चार नाहीत, आणि मुलगी ‘मी येतो’ लिहिते तर तिला कुणी अडवत नाही. याच मुलीला मराठीत दोन पानांचा अर्ज लिहायला सांगितला तर घाम फुटतो, कन्नडमध्ये लिहायला सांगितला तरी फुटतो. घरची पहाणी वाचायची वेळ आली की ती फोनचा कॅमेरा कागदावर धरते आणि भाषांतर जे दाखवेल ते मोठ्यानं वाचते. सर्व्हे नंबर बरोबर येतो, आजोबांच्या नावाचं मात्र काहीतरी भलतंच होतं.